सोपानआबांची तलंग

आमच्या शेजारचे सोपानआबा कोंबडीचं पिल्लू पायाला धरून उलटं टांगतात आणि एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहतात. पिल्लानं मान वर उचलली तर नर, मुकाट लोंबकळलं तर तलंग, म्हणजे पुढं अंडी घालणारी कोंबडी. हे त्यांचं शास्त्र. आमच्या गेवराईकडच्या या गावात त्यांना कोणी विचारत नाही. पण आबांना विचारावं लागतच नाही. कुणाच्या अंगणात पिल्लांची टोपली टेकली की आबा हजर.

यंदा अंडी घरची व्हावीत म्हणून मी गावरान पिल्लं घेतली. विकणाऱ्याच्या टोपलीतून आबांनीच एकेक टांगून निवडून दिलं.

"डोळे झाकून घे, सूनबाई. समद्या तलंगा हायेत. आपला शब्द हाय."

चार-पाच महिन्यांत आबांच्या शब्दाला लालभडक तुरे फुटले. दोन कोंबड्या सोडल्या तर सगळे कोंबडे! अंडी राहिली बाजूला, उजाडायच्या आधीपासून अंगणात नुसती बोंबाबोंब, आणि मारामाऱ्या वेगळ्याच. मी तणतणत आबांकडे गेले, तर हे निवांत तंबाखू मळत बसलेले.

"आबा, तुमची तलंग आरवायला लागली."

"काही बायांचा आवाज मोठा असतोच की," माझ्याकडे बघून म्हणाले.

"आणि तो तुरा?"

"नटायची हौस असंल. घाई कावून करती? घालंल अंडं."

माणूस चुकतो, त्याचं मला काही नाही. पण चुकलो म्हणायला काय पैसे पडतात? या माणसापुढं मी हात टेकले.

कोंबडे एकेक करून बाजारात गेले. सगळ्यात थोराड, तांबडा तेवढा मागे ठेवला, कारण आखाडात माझे दोघे भाऊ जेवायला येणार होते. हे आबांना कळलं आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. येता-जाता एकच, "अंड्यावर आलेली तलंग कापती व्हय? लई पाप लागतंय."

भाऊ यायच्या दिवशी सकाळी मी मसाला वाटत होते, आमचे हे सुरीला धार लावत होते. तेवढ्यात आबा दारात आले, ओंजळ पुढं धरून.

"घातलं बघ तांबडीनं. आत्ता, माझ्यासमोर."

ओंजळीत अंडं होतं. पांढरंफेक, दुकानातलं. हात लावला तर फ्रिजमधलं गार, वर पाणी सुटलेलं.

"आबा, मी काय तुम्हाला खुळी दिसते?" मी म्हणाले. आबांनी अंडं हळूच उंबऱ्यावर ठेवलं.

"कोंबडा हाय त्यो," आबा खाली बघत म्हणाले. "मला काय कळत न्हाई व्हय? पर तुझी काकू गेली, पोरं तिकडं पुण्याला. एकट्याला घास उतरत न्हवता. आता मी जेवाया बसलो की ह्यो येतोय. ताटापाशी हुभा ऱ्हातोय. तुकडा न्हाई टाकला तरी जात न्हाई."

मी उठले. यांना म्हटलं, सुरी ठेवा, भावांना वांग्याची भाजी करते. हे कुरकुरले, पण ठेवली. मग मी अंगणात जाऊन कोंबडा धरला आणि आबांपुढे केला.

"घेऊन जा, आबा. आजपासून हा तुमचाच."

आबा मागे सरले.

"नको, सूनबाई. तुझ्याकडंच राहू दे. माझ्या घरात ठिवला, तर मग माझ्याकडं येणार कोण?"