मुकादमासाठी घर पाहताना

माणूस गेल्यावर त्याच्यामागे जे उरतं, त्याचे सरळ दोन भाग पडतात : ज्याच्यासाठी वारस भांडतात ते, आणि ज्याच्यासाठी कोणीच भांडत नाही ते. पहिल्या भागाविषयी कायद्याने पुष्कळ लिहून ठेवलं आहे. दुसरा भाग कुटुंबाच्या विवेकावर सोडलेला आहे. आमच्या वडिलांच्या मागे पहिल्या भागात एक बैठं घर आलं. दुसऱ्या भागात दोन नग आले, त्यांपैकी एक घोडा होता.

घोड्याचं नाव मुकादम. वडील एका मोठ्या रुग्णालयाच्या धोबीखान्याची गाडी हाकत. मळक्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या आणायच्या. मुकादमाला रुग्णालयाची सगळी दारं पाठ होती. प्रत्येक दाराशी तो आपणहून थांबे आणि गाठोडं गाडीत आदळल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पाऊल उचलत नसे. वडिलांनी लगाम कितीही हलवला तरी. नाव त्यावरून पडलं. पुढे रुग्णालयाने मोटार घेतली, निरोपादाखल वडिलांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घोडा लिलावात काढला. वडिलांनी घोडा घेतला आणि घड्याळ पागेत टांगलं. दोघंही सारख्याच वेगाने चालतात असं ते म्हणत. (घड्याळ बंद होतं.)

ह्या वर्षी थंडी सरता सरता वडील गेले. त्याविषयी इथे जास्त लिहिण्यासारखं नाही. सकाळी मुकादमाला खरारा करताना ते खाली बसले, आणि उठले नाहीत. मुकादम जागचा हलला नाही. आईने घरात येऊन हात धुतले आणि आम्हाला फोन केले.

भेटायला येणारे पांगल्यावर आम्ही तिघं भावंडं स्वयंपाकघरात बसलो. थोरला दादा विमा कंपनीत आहे; आलेले दावे नाकारण्याच्या विभागाचा तो प्रमुख आहे. धाकटी लोकांची घरं सजवून देते. मी मधली, ग्रंथालयात असते. घर विकायला कोणाचाच विरोध नव्हता, गिऱ्हाईकही दारात उभं होतं. उरला दुसरा भाग. त्यात आईचा विषय आधी घेतला, कारण तो छोटा होता.

"आईचं काय, आई आपलीच आहे," दादा म्हणाला. "चार-चार महिने तिघांकडे."

"चालेल," धाकटी म्हणाली. "फक्त मला उन्हाळा नको देऊ. आमच्याकडे एसी एकाच खोलीत आहे."

"चालेल," मी म्हणाले.

ठराव चहाला उकळी यायच्या आत एकमताने संमत झाला. आई त्या वेळी मागे पागेत घोड्याची चंदी भिजवत होती. तिला नंतर कळवण्यात आलं. "बरं," ती म्हणाली आणि चंदी भिजली का ते पाहायला पुन्हा बाहेर गेली.

मग आम्ही घोड्याकडे वळलो, आणि इथे मात्र आमच्या कुटुंबाची खरी उंची दिसली. त्या सबंध आठवड्यातल्या बोलण्याची टक्केवारी काढली, तर शेकडा पंच्याण्णव भाग घोड्याला जातो, चार भाग चहाला, आणि उरलेला आईला. वडिलांचा घोडा म्हणजे काही अडगळ नव्हे, हे प्रत्येकाने निदान एकदा तरी म्हटलं. त्याला चांगलं घर मिळालं पाहिजे. चांगलं म्हणजे कसं, तेही आम्ही मोघम ठेवलं नाही. घरात उजेड असावा, वारा खेळता असावा, हे धाकटीने सांगितलं. ह्या वयात त्याला कामाला जुंपायचं नाही, ही दादाची अट. त्याच्याशी दिवसभरात कोणीतरी बोलणारं हवं, ही मी घातली, कारण वडिलांनी त्याला ती सवय लावली होती. त्याला हक्काची जागा हवी. पाहुणे आले की इकडे सरक, तिकडे सरक, असं चालायचं नाही. ही अट कोणाची ते आठवत नाही. तिच्यावर तिघांनीही एकदम मान हलवली होती.

एवढ्या अटी ऐकूनही मागणी घालणारे आले. अशा बाबतीत जगात चांगुलपणा शिल्लक आहे.

पहिला एक हॉटेलवाला. त्याला घोडा दाराशी उभा करायचा होता, गिऱ्हाइकांना छान वाटावं म्हणून. धाकटीने त्याला दारातूनच परत पाठवलं. "शोभेला?" ती म्हणाली. "आल्यागेल्यासमोर दिवसभर नुसतं बसवून ठेवायला?" (तिच्या घरी आईला हॉलमधला पलंग मिळणार होता. दिवसा त्याचा सोफा होतो. दिवसा आईचं काय होतं, ते ठरायचं होतं.) दुसरा छायाचित्रकार. तो मुलांना घोड्यावर बसवून फोटो काढणार होता. "म्हाताऱ्या जिवाने आता पोरं पाठीवर घ्यायची?" दादाने विचारलं. छायाचित्रकार ओशाळून गेला. तो गेल्यावर वहिनी म्हणाली की सासूबाई यायच्या त्या शाळा सुरू व्हायच्या आत आल्या तर बरं; धाकट्या मुलाला शाळेतून आणायला बाई मिळत नाही.

तिसरे तिघे सख्खे भाऊ होते. एकाची वीटभट्टी, एकाची वखार, एकाचा नदीकाठी मळा. माणसं सज्जन होती, घोड्याच्या तोंडावरून हात फिरवत होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की एकट्यावर भार नको, म्हणून चार-चार महिने तिघांकडे ठेवू.

दादा उठून उभा राहिला.

"अहो, तो जिवंत प्राणी आहे! ह्या वयात दर चार महिन्यांनी जागा बदलायची? नवी भिंत, नवा वास, नवी माणसं? खाणं टाकेल तो!" हे बोलताना दादाचा आवाज भरून आला होता. मी तिथेच होते. मलाही भरून आलं. आई चहाचे कप उचलत होती. तिने दादाकडे जरा पाहिलं आणि शेवटचा कप उचलायला विसरली.

शेवटी आम्ही वृद्ध अश्व संगोपन मंडळाला बोलावलं. हे मंडळ म्हाताऱ्या घोड्यांना घरं शोधून देतं. त्यांची तपासनीस बाई आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस कातरलेले, बोलण्यात पाल्हाळ नाही. रोपवाटिका चालवणारी एक बाई तिने आधीच पाहून ठेवली होती : मोकळी जागा, ओढ्याचं पाणी, काम काही नाही, तिला फक्त खतासाठी लीद हवी होती. आमच्या सगळ्या अटी तिथे पुऱ्या होत होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहून सुटकेचा श्वास टाकला.

"सोबत कोण आहे त्याला?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"घोडा एकटा राहत नाही. शेजारी कोणीतरी लागतं. आम्ही सोबत मोडून घोडा देत नाही. मागे एकाबरोबर शेळी दिली. एकाबरोबर बदक."

"हा एकटाच आहे," दादा म्हणाला.

"बघते."

बाईंनी पागेच्या दाराशी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिल्या. दुपारी आई आली, स्टूल ओढून मुकादमाशेजारी बसली आणि रोजच्यासारखी त्याला बोलू लागली. "पुन्हा ठेवलंस का अर्धं? तुझ्यासाठी काय रोज नवं शिजवू? तिकडे काय बघतोस? नाही यायचे ते. खा." मुकादमाने फाटकाकडे वळलेली मान फिरवली आणि खाल्लं. आई वडिलांविषयी कुठे बोलते, हे मला त्या दिवशी कळलं.

"आहे की सोबत," बाई घरात येऊन म्हणाल्या. "दोघं जातील."

"मॅडम, ती आमची आई आहे!"

"असेल. मी नातं नाही विचारलं. कोण कोणाशेजारी उभं असतं, ते विचारलं."

दादाने मग दावा नाकारण्याची सर्व कलमं लावून पाहिली. आई हे जनावर नाही. मंडळाच्या नियमात माणूस बसत नाही. (बाई म्हणाल्या की नियमात 'जात कोणतीही' असं आहे, बदकाच्या वेळी सुधारणा झाली.) आईची सोय आधीच झालेली आहे. आणि लोक काय म्हणतील, बाप गेल्यावर पोरांनी आईला घोड्याबरोबर देऊन टाकली?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "जोडीतलं एक गेलं ना," त्या म्हणाल्या, "की मागे राहिलेल्याला फार जपावं लागतं. खाणं कमी होतं. भिंतीकडे तोंड करून राहतात. त्रास काही देत नाहीत, म्हणून घरच्यांना वाटतं, रुळले."

"कोण, घोडे?" धाकटीने विचारलं.

"मी घोड्यांचंच काम करते."

तरीही सोबत वेगळी करायचीच असेल तर वाट होती : सोबतीची नवी जागाही तपासायची. अटी आम्हीच घातलेल्या, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न नव्हता. तपासनीस बाई रबरी बूट दाराशी काढून तिघांच्याही घरी येऊन गेल्या. दादाकडे शाळेतून मूल आणणं, भाजी निवडणं आणि गॅसवाल्यासाठी घरी थांबणं, हे कामाला जुंपणं ठरलं. धाकटीचं घर दिसायला सगळ्यांत सुंदर. तिथे सोफ्याचा पलंग करायला पाहुणे उठायची वाट पाहावी लागते, हे धाकटीने स्वतःच समजावून सांगितलं. माझ्याकडे उजेड भरपूर होता, दाराऐवजी पडदा असलेली स्वतंत्र खोली होती, काम काहीच नव्हतं. माझी मलाच आशा वाटायला लागली.

"दिवसा इथे कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. मी संध्याकाळी येते."

"मग बोलायचं कोणाशी?"

मी भिंतभर पुस्तकं दाखवली. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"चारा चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि बूट चढवले.

तिन्ही घरं नापास झाली. घोड्यासाठी आम्हा तिघांपैकी एकानेही मागणी घातली नव्हती हे आमचं नशीब. नाहीतर मंडळाने आमची नावं नाकारलेल्यांच्या फलकावर लावली असती.

मग आम्ही सगळे रोपवाटिकेवर गेलो. मालकीण कुंड्या भरत होती. हात पुसत तिने मुकादमाचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि शेवटी आईकडे पाहिलं.

"घोडा खत देईल. मावशी, तुम्ही काय देणार?"

"बोलणी," आई म्हणाली.

"ती मला पण लागतात. इथे कामावरची माणसं ऐकत नाहीत. पण चालेल का तुम्हाला? म्हातारपणी, असं झाडाझुडपांत?"

आई म्हणाली, "कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं, म्हणून काही ठरवलं नव्हतं. थांबा जरा."

पागेला लागून बियाण्यांची एक खोली होती. आई आत गेली. तिने खिडकी पाहिली नाही, वारा पाहिला नाही, उजेडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या अटींपैकी एकही तिने तपासली नाही. तिने दार लोटून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. बराच वेळ काही झालं नाही. दादाने घड्याळ पाहिलं. मी दाराशी गेले, आणि आत आई रडत होती. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. मी दार वाजवलं नाही. एवढ्या मोठ्या कुटुंबात तिला आतून कडी लावता येईल असं दार आम्ही कुठे ठेवलेलं नव्हतं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती अटच आम्हाला सुचली नव्हती, कारण घोड्याला कडी लागत नाही.

कडी निघाली. आई पदराने तोंड पुसत बाहेर आली.

"चालेल," ती म्हणाली.

ह्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. दोघंही खाऊनपिऊन बरी आहेत. मंडळाची बाई न कळवता जाऊन पाहते. वजन उतरलं, अंगावरचं तेज गेलं, तर जागा काढून घेण्याचा मंडळाला अधिकार आहे. आम्हीही जातो, पण आधी विचारावं लागतं, कारण आईला काम असतं. दादा लोकांना सांगतो की आई निसर्गाच्या सान्निध्यात असते. ते खरं आहे. खाली बारीक अक्षरात घोडा आहे, ते तो सांगत नाही. घर वेळेवर विकलं गेलं आणि पहिल्या भागासाठी आम्ही आता रीतसर भांडतो आहोत.

लोक मला ह्या मंडळाविषयी विचारतात. पत्ता विचारतात, फोन विचारतात, तपासनीस बाई रागावत तर नाहीत ना, हेही विचारतात. मी माहिती देते. पण मंडळ आधी घोडा बघतं, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. त्यांच्याकडे घोडा नसतो. नुसती सोबत असते, आतल्या खोलीत. तीही कोणाला त्रास न देणारी, रुळलेली. त्यांना मी काय सांगणार? हे वाचताना तुम्हाला कुठे हसू आलं असेल, तर मोकळेपणाने हसा. फक्त जरा हळू. भिंत पातळ असते, आणि पलीकडे सगळं ऐकू जातं.