वाकरुळकरांची बोट कलते

दुपारची झोप येईना म्हणून राफेल वाकरुळकरने मोबाईलवर फक्त एक व्हिडिओ बघायचं ठरवलं. त्यात इंग्लंडमधला एक टकला गृहस्थ लांबट, अरुंद बोटीत राहत होता. बोटीतच पलंग, बोटीतच स्वयंपाकघर, छपरावर फुलांच्या कुंड्या. कालव्याच्या काठाला बोट बांधून तो निवांत चहा पीत होता. बायको कुठेच दिसत नव्हती. (हे राफेलच्या लक्षात आलं नाही. त्याच्या बायकोच्या, शुलामिथच्या, लगेच आलं.)

टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या माणसाजवळ वेळच वेळ. राफेलने टकल्याचे सगळे व्हिडिओ पाहिले आणि वर्षभरात पनवेलच्या खाडीत त्याची स्वतःची बोट उभी राहिली. एके काळी उतारू नेणारी, पूल झाल्यावर बेकार पडलेली जुनी लाकडी लाँच होती ती. राफेलने आत पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, खिडक्यांना शुलामिथच्या जुन्या साडीचे पडदे लावले. हार्डवेअरचं दुकान असलेला त्याचा मित्र ताहेर, त्याने हिरवा रंग दिला. छपरावर झेंडूच्या कुंड्या चढल्या.

शुलामिथने हे सगळं सोसलं आणि शेवटी एकच अट घातली.

"आदिनाताई इस्रायलहून येतेय. तिला बोटीवर जेवायला बोलवू. ती सुखाने जेवली तर बोट राहील. नाहीतर विकायची."

आदिनाताई म्हणजे शुलामिथची थोरली बहीण. पनवेलला आली की यांच्या करंजाड्याच्या फ्लॅटमधलं नळाचं पाणीसुद्धा हुंगून मग पिणारी. राफेलला तो नळ आठवला. तरी तो म्हणाला, "मंजूर."

रविवारी सकाळी त्याने काठाच्या चिखलात उभी असलेली बोट धुऊनपुसून, बांबूने ढकलत, पहिल्यांदाच धक्क्याला लावली. बोट कशी बांधायची हे त्याला तोंडपाठ होतं. टकल्याने बजावलं होतं की दोर ताणून बांधा, ढिला राहिला तर बोट हलते आणि चहा सांडतो. राफेलने पुढचा आणि मागचा दोर धक्क्याच्या लोखंडी कड्यांना असे आवळले की बोट भिंतीला खिळल्यासारखी उभी राहिली. खाडीला पूर्ण भरती होती. (टकल्याच्या कालव्यात भरती-ओहोटी नसते. हे तो सांगायला विसरला होता, किंवा एवढं कुणालाही कळत असेल असं त्याला वाटलं होतं.)

आदिनाताई आली, वाकून आत शिरली, गादी दाबून पाहिली. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. राफेलने हा शब्द मनातल्या मनात फ्रेम करून भिंतीवर लावला. ताहेरही जेवायला आला होता. शुलामिथने मलिद्याचं ताट मधोमध मांडलं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि भोवती फळं. नव्या वास्तूत एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन मलिदा करायचा ही बेने इस्रायलींची रीत, मग ती वास्तू तरंगती का असेना.

राफेल प्रार्थनेला उभा राहिला, तेवढ्यात ताटातलं एक सफरचंद सावकाश खाली उतरलं आणि आदिनाताईच्या पायाशी गेलं.

"राफेलभाई," ताहेर म्हणाला, "बोट तिरकी हाय का माझा चष्मा?"

"लाटेने होतं असं."

"लाट गेली की बोट सरळ व्हायला हवी ना?" आदिनाताईने विचारलं.

बोट सरळ होण्याच्या विचारात नव्हती. पाणी उतरत चाललं होतं, बोटीची धक्क्याकडची बाजू दोरांनी वर धरून ठेवली होती आणि दुसरी बाजू पाण्याबरोबर खाली निघाली होती. केळी गेली, डाळिंबं गेली, छपरावरून झेंडूच्या कुंड्या एकेक करून खाडीत उतरल्या. पाण्याचा हंडा घरंगळला. आदिनाताई एका हाताने खिडकीची चौकट आणि दुसऱ्या हाताने ताहेरची बाही धरून बसली. मलिद्याचं ताट मात्र शुलामिथने छातीशी कवटाळलं होतं.

राफेल सरपटत बाहेर गेला आणि गाठ सोडायला लागला. गाठ त्यानेच मारलेली, आणि वर अख्ख्या बोटीचं ओझं. ती लोखंडासारखी झाली होती.

"अहो, सुटतेय का?"

"सुटेल. जरा वेळ लागेल."

"तोवर आपण सगळे पाण्यात असू." शुलामिथने ताट बहिणीच्या मांडीवर दिलं, फळं कापायची सुरी उचलली आणि बाहेर आली. "बाजूला व्हा."

"शुला, अगं हा इंपोर्टेड दोर आहे."

तिने पुढच्या दोरावर सुरी फिरवली. दोर फटकन तुटला, बोटीचं नाक खाली आपटलं. मग ती रांगत मागे गेली आणि मागचाही दोर कापला. धप्प करून बोट पाण्यात पडली, दोनदा डुलली आणि सरळ झाली.

"धक्का कुठे चालला?" आदिनाताईने विचारलं.

धक्का जागेवरच होता. ओहोटी बोटीला घेऊन समुद्राकडे निघाली होती, आणि समोर चिखलाचा उंचवटा वर येत होता. त्यात बोट रुतली तर संध्याकाळपर्यंत सुटका नव्हती. आता राफेलकडे इंजिन उरलं होतं. ते तळोज्याच्या एका मेकॅनिकने बसवून दिलं होतं आणि आजवर चिखलात उभ्या बोटीतच घरघरलं होतं. राफेलने हँडल फिरवलं. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा खोकलं. त्याने डोळे मिटून एलियाहूचं नाव घेतलं आणि अंगातलं सगळं बळ लावून फिरवलं. इंजिन धडधडायला लागलं.

पुढे जे झालं ते राफेलला आयुष्यभर पुरेल. त्याने सुकाणू दाबलं, बोटीने वळण घेतलं आणि चिखलाचा उंचवटा हातभर अंतरावरून मागे गेला. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, चिखलात एका पायावर उभे बगळे, आणि मधून टेलिफोन खात्याचा माजी कर्मचारी स्वतःचं घर चालवत चाललेला. डोक्यावरून नव्या विमानतळाचं विमान खाली उतरत गेलं. ताहेरने त्याला हात केला.

"माशाल्ला," तो म्हणाला. "दुकानाच्या गल्ल्यावर बसून हे दिसलं नसतं."

खोल पाण्यात राफेलने नांगर टाकला. धक्क्याशी आता चिखलच होता, तेव्हा भरती येईपर्यंत इथेच थांबायचं होतं. शुलामिथने शेगडी पेटवून मासळीची आमटी गरम केली. राफेलने उभं राहून प्रार्थना म्हटली, आणि या खेपेला ताटातलं काही हललं नाही. आदिनाताईने मलिदा दोनदा मागून घेतला. मग खिडकीत कोपर टेकून ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली.

"शुला," ती शेवटी म्हणाली, "लहानपणी बाबा आपल्याला होडीतून मांडव्याला न्यायचे. तेव्हापासून मी अशी जेवले नव्हते. बोट विकलीस तर मी परत येणार नाही."

राफेल भांडी घासायचं निमित्त करून मागे गेला, कारण त्याचे डोळे भरून आले होते. भरतीबरोबर त्याने बोट अशी अलगद धक्क्याला लावली की काठावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बोट राहिली. पुढच्याच रविवारी शुलामिथने बोटीवर मैत्रिणींची पार्टी ठेवली. आत सगळ्या खुर्च्या भरल्या, त्यामुळे राफेलला बाहेर धक्क्यावर बसवण्यात आलं. पाणी उतरेल तसा दोर थोडा थोडा सोडत राहायचा, हे त्याचं काम. आतून हसण्याचे आवाज येत होते. मधूनच खिडकीतून एक हात आला आणि त्याला भज्यांची बशी देऊन गेला.

जाळी खांद्यावर टाकून चाललेला एक गाववाला थांबला. त्याने बोट बघितली, दोर बघितला, मग राफेलला नीट न्याहाळलं.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या बाईंना आनिक मानूस लागंल का? माझा मेव्हना घरीच बसलेला हाय."

राफेलने दोर वीतभर सोडला.

"सध्या नको," तो म्हणाला. "अजून माझंच पक्कं झालेलं नाही."