'उलटे आभाळ' आणि मथुराबाईचे काटे

एका जंगलात, मुलांनो, झाडी इतकी दाट होती की आभाळ कुणाला धड दिसतच नसे. कुठे पानांच्या फटीतून रुपयाएवढे निळे दिसे, कुठे आठ आण्यांएवढे. तेवढ्यावर सगळ्यांचे भागत होते. हरणे गवत खात होती, वाघ हरणे खात होता आणि माकडे दोन्हीकडच्या बातम्या सगळीकडे पोचवत होती. एकूण जंगलाचे उत्तम चालले होते.

जिथे उत्तम चाललेले असते, तिथे कुणाला तरी संगीताची सेवा करायची हुक्की येतेच. या जंगलात ती मथुराबाई साळिंदरला आली.

मथुराबाई उतारवयाची, एकटीच, नदीकाठच्या बिळात राहायची. पाठीवर काटे असे गच्च, की वाघसुद्धा तिला पाहून वाट बदले आणि वर "मला तिकडेच जायचं होतं," असे म्हणे. कंदमुळे खावीत, ऊन अंगावर घ्यावे, पडून राहावे. एवढे सुख नशिबात असताना एके दिवशी तिने अनंता वटवाघळाचे गाणे ऐकले आणि बाई कामातून गेली.

हा अनंता चिंचेच्या फांदीला उलटा टांगलेला असे. त्यामुळे आपल्याला जे वर वाटते, ते त्याला खाली वाटे. जमीन हे त्याचे छप्पर आणि आभाळ ही त्याची विहीर. पाय सुटला तर आपण त्या विहिरीत पडू आणि पडतच राहू, अशी भीती त्याला लहानपणापासून होती. शहाण्या प्राण्याने अशा भीतीवर झाडपाल्याचे औषध घेतले असते. अनंताने बँड काढला.

बँडमध्ये एक बेडूक होता. तो एकच सूर धरून बसे आणि दुसऱ्या सुराकडे ढुंकूनही पाहत नसे. एक रातकिडा होता. तो एकच ठेका धरी, आणि ठेका थांबवताही येतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते. या दोघांच्या मधून अनंता अधूनमधून "पडलोऽऽ" असे ओरडे आणि आपलाच आवाज डोंगरावर आपटून परत येईपर्यंत डोळे मिटून वाट पाही. याला ते अंतराळ-रॉक म्हणत. बँडचे नाव 'उलटे आभाळ'.

हसू नका, मुलांनो. मथुराबाई हसली नव्हती. ती चिंचेखाली उभी राहून ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिला वाटले, आपलेही पाय जमिनीवरून सुटले. उभ्या जन्मात तिने रुपयाहून मोठे आभाळ पाहिले नव्हते. त्या दिवशी ते तिला ऐकू आले. बिळात परत येऊन ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनी काढली. नाव 'बीळ रेकॉर्ड्स'. मालक मथुराबाई, कारागीर मथुराबाई, हमालही मथुराबाईच.

आता रेकॉर्ड कशी करतात ते ऐका. पळसावरची लाख खरवडून आणायची. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या खडकावर ती मऊ करायची आणि भाकरीसारखी थापून तिची तबकडी करायची. मग बँडने वाजवायचे आणि मथुराबाईने त्या मऊ लाखेवर टोकदार काट्याने गोल गोल रेघ ओढत जायचे. सूर थरथरला की काटा थरथरे, आणि ती थरथर लाखेत उतरे. या कामी बाभळीचा काटा मोडतो. बोरीचा वाकतो. साळिंदराचा तेवढा टिकतो, तोही एका तबकडीपुरता. पुढे त्याचे टोक बोथट होते आणि तो टाकून द्यावा लागतो.

म्हणजे दर तबकडीला मथुराबाईने मान वळवायची, पाठीवरचा एक काटा दातात धरायचा आणि उपटायचा.

"परत येतात की," ती म्हणे.

येतातही. वर्षभराने. मथुराबाई मात्र आठवड्याला तीन तबकड्या काढत होती.

श्रोते मोजून नऊ होते. त्यांपैकी सात जणांचे लवकरच आपापले बँड निघाले. आठवी टिटवी. आभाळ पडलेच तर झेलता यावे म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. ती समीक्षक झाली. नववे कासव ठार बहिरे होते, पण येऊन बसायचे न चुकता. या नऊ जणांना मथुराबाई 'चळवळ' म्हणे. सातही बँडच्या तबकड्या तिने काढल्या, प्रत्येकीच्या नऊ नऊ प्रती, प्रत्येक प्रतीला नवा काटा. मध्येच बेडकाला खोकला आला की ती तबकडी वाया, काटाही वाया.

एकदा तिचा चुलतभाऊ दामू साळिंदर रताळी मागायला आला. तिची पाठ पाहून तो दचकला.

"मथुरे, अगं लष्कराच्या भाकऱ्या किती भाजशील? काटे काय वाटायची चीज आहे? उद्या वाघ समोर आला तर काय करशील? तबकडी ऐकवशील?"

"ऐकेलही, काय सांगावं," मथुराबाई म्हणाली. "एवढं 'पडत राहणे' पुरं झालं की थांबते रे, दामू."

'पडत राहणे' ही 'उलटे आभाळ'ची सर्वांत मोठी रचना. एका तबकडीत एक टेंभुर्णीचे फळ खाऊन होईल एवढाच वेळ मावतो, म्हणून तिला चौदा तबकड्या लागणार होत्या. पहिल्या तबकडीत पाय सुटतो. मग बारा तबकड्या पडणेच चालते. आणि चौदाव्या तबकडीत कळणार होते की त्या आभाळाच्या विहिरीला तळ आहे की नाही.

"आहे का रे?" मथुराबाई अनंताला दर वेळी विचारी.

"मला तरी कुठं माहीत आहे, ताई?" अनंता म्हणे. "ओळीनं वाजवत गेलो की शेवटी कळेल."

आयुष्यात मथुराबाईला आता एवढीच एक गोष्ट हवी होती. तो तळ. तिने त्यासाठी रताळी खणायचे सोडले, ऊन खायचे सोडले, आणि मान वळवून वळवून तिची मान वाकडी झाली.

सातव्या तबकडीच्या वेळी रातकिड्याला उचकी लागली. "पडलोऽऽ" झाले आणि मागोमाग "हिक्!" तबकडी फुकट गेली म्हणून मथुराबाईला हळहळ वाटली, पण काटा वापरून झाला होता. तिने ती तशीच ठेवली. ती नेमकी एका माकडाने पळवली. पळसाच्या द्रोणाला काटा टोचून त्याने ती वाजवली, आणि आठ दिवसांत सगळे जंगल उचक्या देत नाचू लागले. ससे उचकत होते, हरणे उचकत होती. टिटवीने 'उचकीतून व्यक्त होणारी वैश्विक अस्वस्थता' या विषयावर तीन दिवस व्याख्यान दिले. बाकीच्या तबकड्या कुणी ऐकल्या नाहीत. ज्यांनी ऐकल्या, त्यांनी उलटसुलट क्रमाने ऐकल्या आणि काही फरक जाणवत नाही असे कळवले.

मग कोल्हा आला. कोल्हा दरवर्षी वनराज महोत्सव भरवत असे.

"मथुराबाई, केवढं काम केलंत तुम्ही!" तो बिळाच्या तोंडाशी हात जोडून म्हणाला. "इतकी वर्षं, एकटीनं! आता आम्हाला थोडी सेवा करू द्या. 'उलटे आभाळ' यंदा आमच्याकडे. फक्त उचकी तेवढी वाजवायची. बाकीचं जरा अंतराळात जातं."

"आणि चौदावी तबकडी?" मथुराबाईने विचारले.

"अवश्य! महोत्सव झाला की लगेच. आणि तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. चळवळीची आई म्हणून. या म्हणजे झालं."

अनंता खाली मान घालून टांगलेला होता. तो तसा नेहमीच असतो, पण त्या दिवशी जरा जास्त वाटला.

"ताई, एवढा महोत्सव होऊ द्या," तो म्हणाला. "आल्या आल्या चौदावी. तुमची शपथ."

 पोरांचे चांगले होतेय, आपण आडवे का यावे, असा विचार मथुराबाईने केला. चांगल्या माणसांना असले विचार फार सुचतात.

"जा बाबांनो. ऊन असेल, डोळे सांभाळा," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या पाठीवर एकच काटा उरला होता. तो तिने चौदाव्या तबकडीसाठी राखून ठेवला होता. प्रत एकच निघणार होती. ज्यांना तळ ऐकायचा असेल त्यांनी आपल्या बिळाशी येऊन ऐकावा, असे तिने ठरवूनही टाकले होते.

महोत्सव भर दुपारी होता. वाघोबांची शिकारीची वेळ संध्याकाळची, आणि प्रेक्षक घरी पोचलेले बरे असतात. मथुराबाई नदीत आंघोळ करून, एकुलता एक काटा नीट उभा करून निघाली. फाटकावर तरस होता.

"नाव?"

"मथुराबाई साळिंदर. आज माझा सत्कार आहे."

तरसाने तिच्याभोवती एक फेरी मारली. "काटे कुठायत?"

"तबकड्यांत गेले."

"आजी, साळिंदराला काटे असतात. इथं यादीत लिहिलंय. साळिंदर, कंसात काटेरी."

"हा काय, एक आहे ना!"

"एक तर माझ्याही ढुंगणात आहे. सकाळी बोरीतून आलो. म्हणून मी काय साळिंदर झालो?"

 याला तुमच्याकडे तरी काही उत्तर आहे का, मुलांनो? मथुराबाई कुंपणाला कान लावून उभी राहिली. तिच्या आजूबाजूला आत जायला न मिळालेले ससे आणि घुशी होत्या. त्यांच्यात ती अगदी मिसळून गेली.

आत कोल्ह्याने तीनदा पुकारा केला. "मथुराबाई! मथुराबाई साळिंदर!" बाहेरून ती "आले, आले!" म्हणाली, पण ढोल वाजत होते. आता त्या जंगलात एक रीत होती. बाहेर काढलेली शाल घडी घालून परत ठेवायची नाही, तो मोठा अपशकुन. वाघोबा शाल धरून ताटकळत होते आणि वाघोबांना ताटकळण्याची सवय नव्हती. कोल्ह्याला घाम फुटला.

"इथं कुणी साळिंदर आहे का?" तो ओरडला. "चुलत चालेल!"

दामू फुकटच्या जेवणाला आलेला होता. तो उठला. आयुष्यात त्याने कुणाला एक काटा दिला नव्हता, त्यामुळे पाठीवर नुसते वैभव होते. त्याने ते सगळे फुलवले. प्रेक्षक आदराने मागे सरकले. पहिल्या रांगेतली हरणे म्हणाली, "बघा, तपश्चर्या कशी दिसते!" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, मुलांनो, पण नागोबा निदान भाषण तरी करत नाही. दामूने अर्धा तास केले.

"संगीतासाठी आमच्या घराण्यानं," त्याने काटे सळसळवत सांगितले, "काटा न् काटा झिजवला!"

टाळ्यांनी जंगल दणाणले. बहिरे कासव तेवढे टाळ्या न वाजवता उठले आणि घराकडे चालू लागले.

मग 'उलटे आभाळ' वाजले. ऐन वेळी रातकिड्याला उचकी येईना. कोल्ह्याने एक हुप्प्या तयार ठेवला होता, त्याने दिली. टेंभुर्णीचे अर्धे फळ खाऊन होईल एवढ्यात सगळे आटोपले. मथुराबाई कुंपणाशी डोळे मिटून उभी होती. तिचे पाय जमिनीवरच राहिले.

कार्यक्रम संपल्यावर अनंता फाटकातून बाहेर आला. घुशी आणि ससे त्याच्याभोवती पळसाची पाने नाचवू लागले. "सही! सही!" त्या गर्दीने मथुराबाईलाही पुढे ढकलले.

उन्हात वटवाघळाचे डोळे दिपतात. समोर कोण आहे ते तो बारीक आवाज सोडून, तो कसा परत येतो त्यावरून ओळखतो. अनंताने आवाज सोडला. मथुराबाईवर आदळून येणारा आवाज त्याच्या ओळखीचा होता, खरखरीत आणि काटेरी. हा गुळगुळीत आला. कुणीतरी जाडशी घूस असावी, असे त्याला वाटले.

"कुणाकडे लिहायला काही टोकदार आहे का?" त्याने विचारले.

मथुराबाईने तोंड उघडले. तिला खूप बोलायचे होते. पण कुंपणाबाहेरून "आले, आले!" ओरडून तिचा आवाज असा बसला होता की तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"ते 'पडत राहणे'..." ती म्हणाली. "शेवटी तळ लागतो का हो?"

 अनंता हसला. "अजून कुणी विचारतं म्हणायचं! नाही हो, बाई, मलाही ठाऊक नाही. आमच्या एक ताई होत्या, त्यांना फार ओढ होती त्याची. आता उद्यापासून दौरा. तेवढा वेळ कुणाला आहे? ताईंनाही आता नसेल. आजच सत्कार झाला त्यांचा. आम्ही पोचलो तेव्हा भाषण संपत आलं होतं, मी स्वतः जाऊन पाया पडलो. आवाज जरा बसला होता त्यांचा, पण काटे काय सुंदर आलेत परत! मला फार बरं वाटलं."

त्याला खरोखरच बरे वाटले होते. ते त्याच्या आवाजावरून कळत होते.

मथुराबाईने मान वळवली. शेवटचा काटा दातात धरला आणि उपटला. इतकी वर्षे काटे उपटून तिला कधी एवढे दुखले नव्हते. तिने तो अनंताच्या पुढे धरला.

"वा! काय छान टोक आहे!" अनंता म्हणाला आणि भराभर सह्या करू लागला. पहिले पान त्याने आठवणीने तिलाच दिले, काटा तिचा म्हणून.

मथुराबाईने ते बिळात येऊन वाचले. पानावर लिहिले होते: 'माझ्या लाडक्या चाहतीस, उचकीपूर्वक.'

तात्पर्य: कलावंताला आश्रय जरूर द्यावा, त्याच्यासाठी पाठीवरचे काटेही द्यावेत. मात्र घरात एक दामू जपून ठेवावा, म्हणजे शाल वाया जात नाही.