झाड खाकरलं

चौकातल्या पत्र्याच्या झाडाला वायरमननेच वीज जोडली होती, आणि आता त्याच झाडाची त्याला भीती वाटत होती. शहराच्या वाढदिवसासाठी एका शिल्पकार बाईंनी ते उभारलं होतं. बुंध्याला कर्णे होते. लोकांनी त्यात मनातलं बोलायचं. मग कुणीही बुंध्याला हात लावला की साठवलेलं एखादं वाक्य पानांतून मोठ्याने ऐकू यायचं.

तीन दिवस 'हॅलो, एक दोन तीन' करून वायरमन कंटाळला होता. काल दुपारी आसपास कुणी नाही असं बघून तो जोरात खाकरला आणि कर्ण्यात सांगून मोकळा झाला, "आमच्या साहेबांना दिव्याचं बटणसुद्धा शोधून द्यावं लागतं." फार हलकं वाटलं. आज सकाळी बाई कौतुकाने म्हणाल्या की झाड काहीच विसरत नाही, चाचणीचे आवाजसुद्धा नाही. पुसायची सोयच ठेवलेली नाही. तेव्हापासून तो झाडाभोवती घुटमळत होता.

सहा वर्षं तो नगरपालिकेत हंगामी होता. कायम होण्याचा कागद महिनाभर त्याच्या खिशात होता, साहेबांची सही तेवढी राहिली होती. बायकोने तर माहेरी सांगूनही टाकलं होतं.

उद्घाटनाला अर्धा तास उरला तेव्हा तो पक्कड घेऊन झाडामागच्या पडद्यात शिरला. आत आधीच कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. साहेबच. हातात कागद कापायची कात्री.

"साहेब, हात मागे घ्या. त्या वायरीत करंट आहे."

साहेब पांढरेफटक पडले. "अरे, मी बोललोय त्यात," ते कसेबसे म्हणाले. "अध्यक्षांबद्दल."

अध्यक्ष म्हणजे नगराध्यक्ष, आजचे उद्घाटक. वायरमनने स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. मेन बंद करून त्याने वायर तोडली. साहेबांना इतकं भरून आलं की त्यांनी आपणहून कागद मागून घेतला आणि बुंध्यावर टेकवून सही केली.

चार वाजता अध्यक्षांनी बुंध्यावर हात ठेवला. झाड गप्प. दोन चापट्या मारल्या, तरी गप्प. बाई रडकुंडीला आल्या. अध्यक्षांनी वायरमनची चौकशी केली, तर बाईंनी त्याला हाताला धरूनच पुढे आणलं आणि त्याचं काम किती चोख आहे तेही सांगितलं.

वायरमनने साहेबांकडे पाहिलं. साहेब आभाळाकडे बघत होते. पडदा बाजूला सारून, सगळ्या चौकासमोर, अध्यक्ष स्वतः बुंध्याच्या पोकळीत मोबाइलचा उजेड धरून उभे असताना, त्याला वायर जोडावी लागली. आपला जोड सुटावा असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. पण हाताने सवयीप्रमाणे तो घट्ट आवळला.

अध्यक्षांनी पुन्हा हात ठेवला. पानं थरथरली, आणि झाड आधी जोरात खाकरलं.

वायरमनने खिशातला कागद मुठीत धरला आणि डोळे मिटून घेतले. शेजारी साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

"वाचलो रे," ते त्याच्या कानात म्हणाले. "हा माझा आवाज नाही."