चिंचबन वाचलं

उत्तरेश्वर भाकरीचा दुसरा घास घेत होता, तेवढ्यात सुंदरराव पाटील सरकारी कागद घेऊन दारात उभे राहिले. सरकारी कागद उर्दूत येत आणि हिंगणवाडीत उर्दू वाचता येणारा उत्तरेश्वर एकटाच. लहानपणी मामाकडे बीडला राहून तो तीन इयत्ता शिकला होता आणि तेवढ्यावर गाव त्याला मुनशी म्हणत असे. त्याने हात धुतले, कागद उजेडात धरून दोनदा वाचला आणि ताट बाजूला सारलं.

"काय म्हणतंय सरकार?" पाटलांनी विचारलं.

"दौऱ्यावरच्या अंमलदारांसाठी बंगला बांधायचाय. आपल्या चिंचबनात. जागा थंड हाय, सावली दाट हाय, म्हून पसंत केलीया. भवताली कुंपण घालणार. रयतेला आत मनाई."

पाटील उंबऱ्यावरच बसले.

चिंचबन म्हणजे गावाबाहेरच्या बारवेभोवतीच्या बारा जुन्या चिंचा. त्या कोणी लावल्या हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्यांच्या होत्या. नेकनूरच्या बाजाराहून परतणारी माणसं तिथे ओझं उतरवत, पाणी भरून झालं की बाया तिथे टेकत, म्हाळू धनगराची मेंढरं दुपारभर तिथेच माना घालून पडत. उत्तरेश्वर तर जेवण झालं की उठून सरळ चिंचबन गाठी आणि ऊन कलेपर्यंत घरी फिरकत नसे.

"कायबी करा, पर ती झाडं वाचवा," त्याची बायको बायनाबाई आतून म्हणाली. "न्हाईतर तुमी दुपारभर घरातच बसणार."

अर्ज करायचा ठरलं. पण सरकारला नुसतं गाऱ्हाणं सांगून भागत नाही, आकडा लागतो, असं उत्तरेश्वरचं म्हणणं होतं. बीडच्या कचेरीसमोरच्या झाडांवर त्याने नंबर पाहिले होते. आपल्याही झाडांवर नंबर असले तर सरकार त्यांना हात लावायला कचरेल. पाटलांना हे पटलं. म्हाळूला कुऱ्हाड घेऊन बोलावण्यात आलं. वीतभर साल काढायची आणि उघड्या लाकडावर चुन्याने नंबर घालायचा.

"कोन्या अंगानं काढू?" म्हाळूने विचारलं.

उत्तरेश्वरने विचार केला. "सायेब कोन्या वाटंनं येतोय कुनाला ठाव? समद्या अंगानं दिसला पायजे."

म्हाळू कामाचा चोख माणूस. संध्याकाळपर्यंत बाराही झाडांच्या कमरेला गोल पांढरे पट्टे बसले आणि त्यांवर चारी दिशांना नंबर उमटले. गाव बघायला लोटलं. एवढं सरकारी काम हिंगणवाडीत याआधी कधी झालं नव्हतं.

अर्ज दसऱ्यानंतर गेला. उत्तर माघात आलं. रयत या जागेचा खरोखर वापर करते की नाही, हे साहेब स्वतः येऊन पाहतील, असं त्यात लिहिलं होतं. कधी येतील, ते लिहिलं नव्हतं.

"मग रोजच माणसं बसलेली दिसली पायजेत," पाटील म्हणाले.

हिंगणवाडीत माणसं किती, तर दीडशे. त्यातली निम्मी रानात. पाटलांनी आजूबाजूच्या सात गावांना सांगावे धाडले. आठ दिवसांत बैलगाड्या येऊ लागल्या. माणसं आली, बैल आले, शेळ्या आल्या, पोरंबाळं आली. एवढ्यांच्या भाकरी भाजायच्या तर चुली पेटल्या आणि चुलींना जळण लागलं. उत्तरेश्वरने सक्त ताकीद दिली, की ओल्या फांदीला कोणी हात लावायचा नाही, फक्त वाळलेली तोडायची. लोकांनी ती अगदी काटेकोर पाळली. अडचण इतकीच होती, की वाळलेल्या फांद्या रोज वाढत होत्या.

"पानगळ हाय," म्हाळू म्हणाला.

"पानगळच आसंल," उत्तरेश्वर म्हणाला. पण रात्री त्याला झोप लागली नाही.

एके दुपारी बायनाबाई त्याची भाकरी घेऊन चिंचबनात आली. तिने फडकं खाली ठेवलं आणि एका बुंध्याच्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.

"अवो, झाडाला रस कुठून चढतोय?"

"सालीतून."

"मग ही तर समद्या बाजूंनी सोललीत."

भाकरी तशीच राहिली. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत उत्तरेश्वर माती आणि शेण कालवून एकेका पट्ट्यावर थापत होता, आणि बायनाबाई जुनं लुगडं फाडून त्याला चिंध्या देत होती. दोघांनी बाराही बुंधे बांधले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की झाडांच्या कमरा धरल्या आहेत.

"जगतील?" त्याने विचारलं.

"मला काय इचारता. मी काय वैदू हाय?" बायनाबाई म्हणाली. पण शेवटची गाठ तिने पुन्हा एकदा घट्ट केली.

झाडं जगली नाहीत. फाल्गुनात बारवेचं पाणी बैलांनी तळापर्यंत आणलं. गवत होतं तिथे फुफाटा झाला. बसायला आलेली माणसं ऊन सोसेना म्हणून डोक्यावर घोंगड्या धरून बसू लागली. उत्तरेश्वर रोज सकाळी हिरवं पान शोधत बुंध्याबुंध्याने फिरे आणि तसाच परत येई. आता बैठक उठवावी, असं तो पाटलांना दोनदा म्हणाला.

"एवढी सात गावं आपल्यासाठी आली," पाटील म्हणाले, "आन् आता त्यांला सांगू, झाडंच ऱ्हायली न्हाईत म्हून?"

चैत्रात निरोप आला, की साहेब परवा येणार. पाटलांनी वर पाहिलं आणि ते घाबरले.

"मुनशी, सायेबाला बसवायचं कुठं? सावली कुठाय?"

"मांडव घालावा लागंल."

"मांडवाला खांब?"

दोघांनी चिंचांकडे पाहिलं. शेवटी म्हाळूच म्हणाला, "चार तर पार वाळलीत. उभी ठिवून काय करायचं?"

नाही म्हणायला उत्तरेश्वरच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. चार चिंचा खाली आल्या. मांडव मात्र सुरेख झाला.

साहेब घोड्यावरून आले. मांडवात न जाता त्यांनी घोडा चिंचबनाभोवती एकदा फिरवला. आठ बोडके बुंधे, त्यांना बांधलेल्या चिंध्या, चार खुंट, चुलींची राख, कोरडी बारव आणि घोंगड्या पांघरून बसलेली सात गावं, हे सगळं त्यांनी पाहिलं. मग कारकुनाकडे वळून ते म्हणाले, "साया कहाँ है? यहाँ तो आदमी भुन जाएगा।"

ते पाणीसुद्धा न पिता निघून गेले. चौथ्या दिवशी कागद आला. जागा नापसंत. बंगला इथे होणार नाही.

पाटलांनी हलगी लावली. लोकांनी उत्तरेश्वरला खांद्यावर घेऊन चिंचबनात नेलं, पण तिथे उन्हात थांबवेना म्हणून तसंच परत आणलं. त्याच्या गळ्यात हार होता. बायनाबाईने तो काढून खुंटीला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तरेश्वर दुपारचा घरात बसू लागला.

पंधरा दिवसांनी करंजखेडचा आश्रुबा त्याच्याकडे आला. पिकल्या मिशांचा, सरळ बोलणारा म्हातारा.

"मुनशीजी, तुमची जागा नापसंत झाली, आन् आता सरकारनं आमची आमराई धरलीया. तुमी जिकलात. आमाला वाट दाखवा."

उत्तरेश्वर नको म्हणत होता. पण आमराई हे नाव ऐकून त्याचे पाय निघाले. करंजखेडच्या आंब्यांखाली गारवा होता, वर कोकीळ ओरडत होता. तो एका बुंध्याला टेकला आणि त्याने डोळे मिटले. मग त्याने आश्रुबाला सगळं सांगितलं. अर्ज, नंबर, सात गावं, मांडव, काहीही लपवलं नाही.

"म्हंजे आमी काय करावं?" आश्रुबाने विचारलं.

"कायबी करू नका. बंगला होऊ द्या. सायेबाला सावली लागती, तवा सायेब झाडं तोडू देनार न्हाई."

"आन् आमी कुठं बसायचं?"

"कुंपनाच्या बाहीर. सकाळी सावली मावळतीकडं पडती, संध्याकाळी उगवतीकडं. तेवढी आपली."

आश्रुबा विचारात पडला. त्याने झाडांकडे पाहिलं, जमिनीवरच्या सावलीकडे पाहिलं आणि हळूहळू मान डोलावली.

"लई बारीक बोललात, मुनशीजी. हे आमच्या डोस्क्यात कधी आलं नसतं."

उत्तरेश्वरला कित्येक महिन्यांनी बरं वाटलं.

"पर हे एकट्यानं ऐकून भागनार न्हाई," आश्रुबा उठत म्हणाला. "समद्यांला पटाया पायजे. म्या आजच सात गावांला सांगावा धाडतो. उद्या इथंच, ह्याच झाडांखाली समदी बसवतो. तुमी फकस्त एवढंच सांगा. जेवनाचं आमी बगतो."

उत्तरेश्वरने वहाणा घातल्या आणि भर उन्हात हिंगणवाडीची वाट धरली.