तात्पुरती विद्युद्भारण समन्वय समिती

चार्जर चालू होता. पुढे जे घडलं त्यात यंत्राचा काहीही दोष नव्हता, हे सुरुवातीलाच नोंदवलेलं बरं, नाहीतर लोक सगळं खापर मशीनवर फोडून मोकळे होतात. महामार्गालगतच्या हॉटेलामागे पत्र्याच्या शेडखाली दोन मशीन उभी होती. एकाला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. दुसऱ्यावर मात्र हिरवा दिवा होता, स्क्रीनवर ‘आपले स्वागत आहे’ अशी अक्षरं होती आणि गाडीला लावायची गन आपल्या जागी मोकळी लटकत होती.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एक इलेक्ट्रिक गाडी तिथे येऊन थांबली. गाडी चालवत होती ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि शेजारी तिचे बाबा बसले होते. गाडीत सात टक्के चार्जिंग उरलं होतं. अजून सत्तर किलोमीटर जायचं होतं, म्हणजे दीड तासाचा रस्ता. तिथे बाबांची मोठी बहीण राहत होती. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच बाबांना वाढवलं होतं, भांग पाडण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत. आता वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ती कायमची परदेशातल्या मुलाकडे निघाली होती आणि पाच वाजता विमानतळासाठी घर सोडणार होती. ही भेट शेवटची, हे तिघांनाही ठाऊक होतं. तसं कोणी म्हणालं नव्हतं, इतकंच.

लेकीने मनात हिशेब केला. चाळीस मिनिटं चार्जिंग, दीड तास रस्ता. पावणेतीनच्या आत गन गाडीला लागली की काम फत्ते.

गन मोकळी होती. पण तिच्यापुढे तीन माणसं उभी राहून हातवारे करत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसला प्रकार.

“पहिला मी आलो,” दातांचे डॉक्टर सांगत होते. “गाडी झाडाखाली लावली आणि चहा घ्यायला गेलो. चहा प्यायला म्हणून नंबर जातो का?”

“पण मशीनसमोर गाडी माझी आहे,” विमा एजंट म्हणाला. “नंबर माणसाचा असतो की गाडीचा?”

“मी सकाळीच अ‍ॅपवर बुकिंग केलंय,” सुलेखनाचे वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या. “बुकिंगला काही अर्थ आहे की नाही?”

“माझ्याकडे सातच टक्के आहेत हो,” लेक काकुळतीला येऊन म्हणाली. “आणि आम्हाला पाचच्या आत पोचायचंय.”

एवढ्यात बाबा पाय मोकळे करायला खाली उतरले. बाबा अकरा वर्षांपूर्वी कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. घरी टीव्हीवर काय लावायचं हे नातू ठरवायचा आणि पंखा किती वेगाने फिरवायचा हे सून. त्यांनी चौघांचं म्हणणं मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि घसा साफ केला.

“आपल्यापुढे चार तत्त्वं आहेत,” ते म्हणाले. “आगमन, स्थान, आरक्षण आणि गरज. चारही रास्त आहेत. अशा वेळी भांडून उपयोग नसतो. पद्धतशीर जावं लागतं.”

“अगदी बरोबर बोललात, साहेब,” डॉक्टर म्हणाले.

‘साहेब’ हा शब्द कानावर पडला आणि बाबांची पाठ ताठ झाली. लेकीने ते पाहिलं आणि तिला भरून आलं. अकरा वर्षांत बाबा इतके सरळ उभे राहिलेले तिने पाहिले नव्हते. म्हणून, एक तात्पुरती समिती नेमावी अशी सूचना आली, तेव्हा तिनेही हात वर केला. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

हॉटेलातून प्लॅस्टिकच्या पाच खुर्च्या आल्या. बाबा अध्यक्ष झाले. डॉक्टर उपाध्यक्ष झाले. अक्षर सुंदर म्हणून सुलेखनाच्या बाई सचिव झाल्या. विमा एजंट कोषाध्यक्ष झाला. समितीला कोष नव्हता, पण एखादं पद रिकामं ठेवणं बरं दिसत नाही. अशा रीतीने चार पदाधिकारी झाले आणि पाचवी उरलेली लेक सर्वसाधारण सभासद झाली. कोणासाठी तरी काम करायचं म्हटलं की जनता लागतेच.

पहिला विषय समितीच्या नावाचा होता. ‘चार्जिंग समिती’ हे नाव डॉक्टरांना उथळ वाटलं. ‘विद्युद्भारण’ हा शब्द बाबांनी सुचवला आणि तो सर्वांना आवडला. ‘समन्वय’ नसलेली समिती बाबांनी उभ्या नोकरीत पाहिलेली नव्हती, तेव्हा तोही आला. आपण कायमचे इथे बसणार नाही, हे स्पष्ट व्हावं म्हणून ‘तात्पुरती’ असावं, असं लेकीने सुचवलं. तिची सूचना मान्य झाली, तिला बरंही वाटलं. सचिवबाईंनी ते नाव बोरू काढून वहीत लिहिलं. वेलांट्या इतक्या देखण्या होत्या की बघत राहावं, आणि त्याला बारा मिनिटं लागली.

“बाबा, दीड वाजला,” लेक कुजबुजली.

“विषयपत्रिकेवरच येतोय,” बाबा म्हणाले. “ठराव क्रमांक दोन. क्रम निश्चित होईपर्यंत कोणीही वाहन जोडू नये. जैसे थे. विरोधात कोण?”

विरोधात कोण असणार? आपण हात वर केला तर ‘याला स्वतःची घाई’ असं दिसेल, हे प्रत्येकाला कळत होतं. घाई प्रत्येकालाच होती, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला.

मग गुणपद्धती आली. चार तत्त्वांना पंचवीस-पंचवीस गुण ठरले. कोषाध्यक्षांनी बेरीज केली. ज्याचं जे तत्त्व, त्यात त्याला पैकीच्या पैकी आणि बाकी तिन्हींत शून्य, त्यामुळे चौघांनाही समान गुण पडले. पद्धत निष्पक्ष असल्याचा याहून मोठा पुरावा नव्हता. पण घोडं तिथेच अडलं.

“गरजेचे गुण बारकाईने द्यायला हवेत,” उपाध्यक्ष डॉक्टर म्हणाले. “जितके टक्के कमी, तितके गुण जास्त.”

हा ठराव मंजूर होतो न होतो तोच सभेत पाच मिनिटांची विश्रांती जाहीर झाली आणि जो तो आपापल्या गाडीकडे धावला. डॉक्टरांनी एसी लावून चारही काचा उघड्या ठेवल्या. सचिवबाईंनी भर उन्हात दिवे लावले, वायपर चालू केले आणि कडक कोरड्या काचेवर ते करकरू लागले. कोषाध्यक्ष गाडी घेऊन हॉटेलाला फेऱ्या मारू लागला. प्रत्येक फेरीला तो काचेतून टक्के ओरडून सांगायचा, “चौदा! तेरा!” गरजू दिसण्यासाठी माणूस इतका राबतो, हे लेकीने पहिल्यांदाच पाहिलं. तिला हसू आलं. मग स्वतःच्या सात टक्क्यांची आघाडी धोक्यात असल्याचं तिच्या लक्षात आलं आणि तिनेही गुपचूप एसी लावला.

विश्रांती पाच मिनिटांची होती. ती चाळीस मिनिटं चालली. शेवटी चारही गाड्या पाच टक्क्यांवर येऊन थांबल्या. आता तिथून दुसऱ्या चार्जरपर्यंत जाण्याइतकी धुगधुगी एकाही गाडीत उरली नव्हती. म्हणजे समितीशिवाय कोणालाच गत्यंतर नव्हतं, आणि समिती भक्कम झाली.

टक्के एकमेकांकडून साक्षांकित करून घ्यायचं काम चाललं असतानाच एक टॅक्सी आली. टॅक्सीवाला उतरला, मोकळी गन त्याने पाहिली, उचलली, गाडीला लावली आणि हॉटेलात पाणी प्यायला गेला. मशीनने गुंगुं आवाज सुरू केला. समिती खुर्च्यांतून उठून बघत राहिली.

तो पाणी पिऊन आला तेव्हा सचिवबाईंनी त्याला गाठलं. “अहो, ही काय पद्धत झाली?”

“काय झालं? बंद आहे का?”

“बंद नाहीये.”

“मग कोणी लावलेलं नव्हतं, म्हणून लावलं. तुम्ही कशासाठी बसलाय इथे?”

“चार्जिंगसाठी,” कोषाध्यक्ष म्हणाला.

टॅक्सीवाल्याने गनकडे पाहिलं, चार गाड्यांकडे पाहिलं, पाच खुर्च्यांकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. गन काढायला लावावी असं डॉक्टरांचं मत पडलं. परंतु तो समितीचा सभासद नाही, सबब त्याला समितीचे नियम लागू होत नाहीत, असा निर्वाळा बाबांनी दिला. त्याला सभासद करून घ्यावं आणि मग त्याच्यावर कारवाई करावी, असाही एक विचार पुढे आला. प्रवेश-अर्जाचा मसुदा लिहून होईपर्यंत त्याचं चार्जिंग झालं.

जाताना तो लेकीजवळ थांबला. तिचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. “कुठे जायचंय, ताई?”

तिने आत्याचं गाव सांगितलं.

“मी त्याच बाजूला चाललोय. बसा दोघं. साडेचारच्या आत सोडतो. गाडी परत येताना न्या.”

लेकीच्या जिवात जीव आला. ती धावत बाबांकडे गेली. “बाबा, चला! हे सोडतायत आपल्याला. आत्या भेटेल!”

बाबा उठले. अर्धे उठले, खरं म्हणजे. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “साहेब, तुम्ही गेलात तर सभा कोण चालवणार?”

“तुमच्याइतकं कोणाला जमणार आहे?” सचिवबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

बाबा उभे राहावं की बसावं अशा पेचात क्षणभर अडकले. मग बसले. “पाच मिनिटं,” ते लेकीला म्हणाले. “शेवटचाच विषय आहे. चालू सभा टाकून जाता येत नाही, बाळ.”

टॅक्सीवाल्याने पाच मिनिटं वाट पाहिली. वर आणखी पाच पाहिली. मग हॉर्न वाजवून तो निघून गेला, आणि लेकीच्या घड्याळात पावणेतीन वाजले.

शेवटचा विषय होता निर्णायक मताचा. चौघांचे गुण समान, म्हणून क्रम अध्यक्षांनी ठरवायचा होता. बाबांनी डोळे मिटून विचार केला आणि क्रम सांगितला: डॉक्टर, कोषाध्यक्ष, सचिव, आणि सर्वांत शेवटी स्वतःची गाडी. “खुर्चीवर बसलेल्याने आधी स्वतःचं ताट वाढून घेऊ नये,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. डॉक्टरांचे तर डोळे पाणावले. असा माणूस हल्ली बघायला मिळत नाही, असं ते म्हणाले आणि आपला पहिला नंबर त्यांनी नम्रपणे स्वीकारला.

“अनुकूल?”

चार हात वर गेले. बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिला वाटलं, बाबांना हलवून सांगावं, की अहो, तुमची बहीण चालली, तुमची आई चालली दुसऱ्यांदा. पण बाबांचा चेहरा उजळलेला होता, आणि तीन माणसं त्यांच्याकडे आदराने बघत होती. तिने हात वर केला.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. आत्या पडद्यावर आली. मागे दोराने बांधलेल्या बॅगा दिसत होत्या. आत्या मुख्याध्यापिका होती आणि आवाज अजून तसाच खणखणीत होता.

“कुठे पोचलास रे?”

“अक्का, मी सभेत आहे,” बाबा म्हणाले.

आत्याने मागच्या बॅगांकडे एकदा वळून पाहिलं. “बरं,” आत्या म्हणाली. “मग नंतर करते.” आणि तिने फोन ठेवला.

सभा गंभीर झाली. माणुसकी म्हणून काही केलं पाहिजे, हे सर्वांना पटलं. पहिला नंबर साहेबांना द्यावा, असं कोषाध्यक्ष म्हणायला गेला. पण मंजूर क्रम त्याच सभेत बदलता येत नाही, हे खुद्द बाबांनीच त्याला समजावलं. मग डॉक्टरांनी मार्ग काढला. समितीच्या वतीने साहेबांच्या भगिनींना प्रस्थान पुढे ढकलण्याची विनंती करावी. ठराव एकमताने मंजूर झाला. सचिवबाईंनी तो मोत्यांसारख्या अक्षरात लिहिला, त्याचा फोटो काढला आणि बाबांनी तो बहिणीला पाठवला.

उत्तर लगेच आलं. बाबांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, “ठराव मिळाला. भाषा शुद्ध आहे, आनंद झाला.”

“वा!” समिती म्हणाली.

बाबा पुढे वाचायचे थांबले. लेकीने खांद्यावरून पाहिलं. खाली लिहिलं होतं, ‘ठरल्याप्रमाणे पाचला निघते. दुपारची गोळी घेतलीस का? तुझ्या लक्षात राहत नाही. जप स्वतःला.’

बाबांनी फोन खिशात ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. त्यांची पाठ वाकली होती. “पुढचा विषय,” ते पुटपुटले.

लेकीचा संताप उसळला. “हे काय केलंत तुम्ही सगळ्यांनी?” ती ओरडली. “एका माणसालाही अक्कल नव्हती?”

सगळे दचकले. सचिवबाईंनी वही उघडून तिच्यापुढे धरली, अगदी प्रेमाने. “मॅडम, सात ठराव आहेत. सातही एकमताने झालेत. तुमच्याशिवाय एकमत झालंच नसतं.”

तिने पानं उलटली. खरंच होतं ते. प्रत्येक ठरावाखाली, सुंदर वळणात, तिचं नाव होतं.

“आता शेवटी सही तेवढी करा,” डॉक्टर मनगटाकडे बघत म्हणाले. “सभासदाची सही झाली की इतिवृत्त कायम, मग मला गन लावता येईल. ताई, जरा लवकर करा ना. तुमच्या एकटीसाठी सगळे खोळंबलेत.”

पानाच्या तळाशी ‘विरोध असल्यास’ असं लिहून दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. लेक त्या ओळींकडे बराच वेळ बघत राहिली. मागे तीन माणसं घड्याळं बघत होती आणि चौथा माणूस खुर्चीत बसून कुठेच बघत नव्हता. तिने त्या दोन ओळी सोडून खाली सही केली.

आपण तिच्या जागी असतो तर सही केली नसती, असं वाचणाऱ्यांपैकी ज्यांना वाटत असेल, त्यांनी कृपया हात वर करावा. म्हणजे तेही एकमताने मंजूर झाल्याची नोंद करता येईल.