कोमट पाण्याची सरासरी

एका जंगलात एके सकाळी एका माशाने कल्ले फुगवले नाहीत.

मुलांनो, एवढंच झालं. पण मासा फायटर जातीचा होता. त्याचं नाव सरदार. स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी तो कल्ले फुगवून भांडायला उठायचा. आज आरसा धरला तरी तो तळाशी पडून राहिला.

त्याची मालकीण केतकी नावाची सशीण होती. कॉलेजात शिकलेली, पण पान पडलं तरी दचकणारी. तिने काचेच्या इवल्याशा बाऊलमध्ये बोट घातलं. पाणी बर्फासारखं गार होतं.

तिने डोहात राहणाऱ्या शेवंताआत्या बेडकिणीला फोन लावला. तिचा सगळा जन्म पाण्यात गेला होता. रिंग वाजत राहिली. आत्या पाण्याखाली असावी.

मग केतकीने शेजाऱ्यांना बोलावलं. ही तिची चूक म्हणता येणार नाही, कारण त्या जंगलात तशी रीतच होती. पाणी गार की गरम, हे ज्याने त्याने आपल्या पंजाने ठरवायचं. थर्मामीटर लावला की शेजारी रुसायचे. आमच्या पंजावर विश्वास नाही का, असं विचारायचे.

आधी घोरपडमावशी आली. तिने शेपटीचं टोक बुडवलं आणि ती कुडकुडली. पोरी, उन्हात ठेव की, एवढं साधं कळत नाही का, असं म्हणून तिने स्वतःच बाऊल खडकावर नेऊन ठेवला. दुपारपर्यंत पाणी कढत झालं. सरदार वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला.

केतकीने पुन्हा डोहाला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

तेवढ्यात अस्वलकाका आले. अंगावर एवढे दाट केस, त्यांना बारा महिने उकडायचं. त्यांनी पंजा घातला, हाय हाय केलं आणि झऱ्याचं लोटाभर पाणी भसकन ओतलं. निम्मं बाहेर सांडलं. सरदार एकदा थरथरला आणि आडवा झाला.

आता केतकी रडायलाच लागली. तिने जंगलाच्या तापमान स्थैर्य कक्षात तक्रार केली. तिथून तज्ज्ञ आले. ते पाणमांजर होते. त्यांनी सरदारकडे फार मायेने पाहिलं. जरा जास्तच मायेने.

तज्ज्ञांनी दोन्ही शेजाऱ्यांचे जबाब घेतले आणि वहीत काहीतरी खरडलं.

"सकाळी गार, दुपारी कढत," ते म्हणाले. "म्हणजे सरासरी कोमट. फायटरला कोमटच लागतं. अभिनंदन."

"पण साहेब, तो आडवा पडलाय," केतकी म्हणाली.

"ते तापमानात येत नाही, ताई. आडवं पडणं हा वेगळा विभाग."

त्यांनी बाऊलवर प्रमाणपत्र चिकटवलं. निघताना, मासा दगावला तर विल्हेवाटीसाठी आपल्यालाच कळवा, घरपोच सेवा आहे, असं हळूच सांगितलं. घोरपडमावशीने प्रमाणपत्राचा फोटो काढला. अस्वलकाका म्हणाले, बघ, उगाच घाबरत होतीस.

संध्याकाळी वारा सुटला आणि पाणी पुन्हा निवलं. सरदारचे पंख अंगाला चिकटले होते. कल्ला हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. केतकी दोन हलण्यांमध्ये मोजत होती. आधी पाचपर्यंत. मग आठपर्यंत. मग अकरापर्यंत.

तिने फोन लावला. किती वेळा लावला, ते तिलाही आठवत नव्हतं.

"कोण गं?" शेवंताआत्याचा आवाज आला.

केतकीने एका दमात सगळं सांगितलं. ऊन, झरा, सरासरी, प्रमाणपत्र, अकरा.

"रडू नकोस," आत्या म्हणाली. "आधी सांग, त्यात पाणी आहे किती?"

दिवसभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. केतकीने बाऊलकडे पाहिलं.

"दोन ओंजळी," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, मासा पाळायचा तर भांडं लहानच घ्यावं. मोठ्या भांड्यात पाणी सहसा तापत नाही, सहसा निवत नाही, आणि मग इतक्या मायाळू शेजाऱ्यांनी व तज्ज्ञांनी दिवसभर करायचं काय?